दगडावरचं लाल नाव

मादू, १२ डिसेंबर २०१६

शीथौ,

या नावानं तुला हाक मारणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, म्हणून तेच वापरते. पाकिटावर ‘अभियंता मियाओ दाओयुआन’ असं नीट लिहिलंय, तुझ्या शीनिंगच्या कचेरीत तुझी शोभा होणार नाही. आत मात्र तू शीथौच, म्हणजे दगड. माझ्यानंतरची दोन गेली तेव्हा आईनं तुझं नाव दगड ठेवलं, कुणाची नजर लागली तरी फुटू नये म्हणून. नावाचा गुण इतका उतरेल असं तिला बिचारीला वाटलं नसेल.

इतक्या वर्षांनी ताईचं पत्र म्हटल्यावर ती आजारी असेल असं तुला वाटेल. मी ठणठणीत आहे. काम आहे म्हणून लिहितेय.

पुढच्या वर्षी मादू हे गाव कागदावरून जाणार. शेजारच्या शिनफिंग गावात मिळवून टाकणार आहेत आपल्याला. माणसं उरली नाहीत, शाळेत दोन वर्ग भरतात, त्यातला एक पावसात गळतो. जाण्याआधी गावाचा ग्रंथ करायचा असं वरून ठरलंय. तुला ठाऊक आहे तसला: डोंगर, नद्या, पिकं, पूर, दुष्काळ, देवळं, आणि शेवटी गावात होऊन गेलेली माणसं. जुन्या शिक्षकांना कामं नसतात असा सगळ्यांचा समज असल्यामुळे हे माझ्या गळ्यात पडलं. गावचे उपप्रमुख फान साहेब स्वतः घरी आले, संत्र्यांची पिशवी घेऊन. आपल्याच बागेतली संत्री, आपल्यालाच.

“बाई, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? तुम्ही अख्ख्या गावाला भूगोल शिकवलाय.”

“ज्यांना शिकवला ती सगळी ग्वांगदोंगला कारखान्यांत गेली,” मी म्हटलं. “भूगोल फारच चांगला शिकवला मी.”

ते हसले आणि वह्या ठेवून गेले.

तर आता माणसांचं प्रकरण अडलंय. दोघंच आहेत, मिठाचा व्यापारी ज्यानं घाटावरचं सभागृह बांधलं तो, आणि पटकीच्या साथीत मेलेले वैद्य. फान साहेबांना तिसरा हवाय. आणि या गावात तिसरा म्हणजे तू. वरच्या धरणाची मोजणी करणारा, पुढे चिंगहाईत तीन धरणं बांधणारा, वर्तमानपत्रात फोटो आलेला.

पण नियम तुलाही माहीत आहे. गावाच्या ग्रंथात जिवंत माणसाचं चरित्र येत नाही. माणूस संपल्यावरच त्याचा हिशोब लिहायचा, त्याआधी कितीही मोठा असो. म्हणून विचारतेय, आणि याहून नीट कसं विचारायचं ते मला कळत नाही: तू आहेस का?

एक ओळ पुरे. असशील तर तुला ग्रंथातून काढते.

छ्यूलान


मादू, १६ जानेवारी २०१७

शीथौ,

पाकीट परत आलं. ‘या नावाची व्यक्ती येथे नाही’ असा शिक्का आहे, शाई इतकी भरपूर की तुझं नावच बुडालंय. कचेरी दुसऱ्या कुठल्या कचेरीत मिळवून टाकलेली दिसते. हल्ली सगळं कशात ना कशात मिळवून टाकतात. हे पत्र पेन्शनरांच्या विभागाला पाठवतेय, बघू.

फान साहेबांना तो शिक्का दाखवायची चूक केली. त्यांचा चेहरा एकदम उजळला, मग शिष्टाचार आठवून पडला.

“म्हणजे बाई... ते गेले असं धरायचं का?”

“नाही म्हणजे तिथे नाही. कुठेच नाही असं कुठे लिहिलंय?”

“तसं नव्हे. सदुसष्ट वर्षांचे असतील ना ते? एवढ्या उंचीवर काम केलेलं, थंडीत. आणि तुम्हाला काही पत्र नाही, फोन नाही. इतकी वर्षं.”

“फोन तर तो नक्की जिवंत असतानाही नव्हता.”

त्यांनी थोडा विचार केला. हुशार आहे हो पोरगा, उगाच म्हणणार नाही. “तुमच्या वडिलांच्या थडग्यावर त्यांचं नाव कुठल्या रंगात आहे?”

“लाल.”

“बघा! मग जिवंत आहेत.”

“मीच लावते तो रंग,” मी म्हटलं.

“मग तो पुरावा होत नाही,” ते म्हणाले. आपल्याकडे मुलांची नावं दगडावर कोरायची, आहेत त्यांची लाल, गेली त्यांची काळी, आणि एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या सणाला थडगी झाडताना रंग पुन्हा द्यायचा, ही काय मी काढलेली रीत नाही. दगड कोरणाऱ्यानं विचारलं होतं तेव्हा मी लाल म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी लाल. तुझं कुणाला काही विचारलं नाही कधी.

एप्रिल संपायच्या आत सगळं छापखान्यात गेलं पाहिजे. तोवर तुझं पत्र आलं नाही तर अर्धं पान तुझ्या नावाचं. म्हणजे मी स्वतःच्या हातानं लिहायचं की तू मेलास.

तोवर नद्यांचं प्रकरण करतेय. पहिलंच वाक्य होईना. आधीच्या ग्रंथात होतं: ‘मादू म्हणजे तागाची तर, होडीने नदी ओलांडायचे ठिकाण. गाव तुंगहे नदीच्या डाव्या तीरावर वसले असून...’ आता कसलं तीर? वर धरणाच्या बोगद्यातून पाणी पलीकडच्या खोऱ्यात गेलं आणि खाली आपल्याला वाळू उरली. तीही ट्रकवाले उपसून नेतात. फान साहेब म्हणतात, ‘वसले असून’ राहू द्या, छान वाटतं.

कंग काकांकडे गेले होते विचारायला, काय लिहू म्हणून. बाबांच्या तरीवर त्यांचे जोडीदार म्हणून वल्ह्यावर असायचे तेच. अठ्ठ्याऐंशी झालेत, कान गेलेत, जीभ शाबूत. त्यांची होडी अंगणात उपडी आहे, तिच्याखाली कोंबड्या राहतात.

“लिही, इथे नदी होती,” ते म्हणाले. “ती तुझ्या भावानं मोजून मोजून संपवली.”

“काका, त्याला हुकूम होता.”

“हुकूम होता तर माझ्या धक्क्यावर काठी रोवून ‘काका, जरा बाजूला सरका’ म्हणायचाही हुकूम होता काय? सरकलो बाबा. आता कोंबड्या सरकत नाहीत माझ्या.” मग बराच वेळ हसले, खोकले, आणि विचारलं, “आहे का तो?”

“माहीत नाही.”

“असला तर सांग त्याला, होडीला डांबर लावून ठेवलंय. पाणी आलं तर अडचण नको.”

बाबा तुझ्यावर नदीसाठी चिडले नव्हते, हे तुला सांगायचं राहून गेलं. ते म्हणाले होते, पोरगं शिकलं तर शिकल्यासारखं वागणार. होडी गेली, घाट गेला, त्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. दिवसभर कोरड्या घाटावर बसायचे एवढंच.

मी चिडलेय ते वेगळ्यासाठी. ते जाऊ दे.

छ्यूलान


मादू, २६ मार्च

शीथौ,

हे पत्र कुठे पाठवणार ते मला माहीत नाही, कारण पेन्शनरांच्या विभागाकडून काहीच आलं नाही, शिक्कासुद्धा नाही. तरी लिहिते. अक्षर वाकडं आहे त्याचं कारण विचारू नकोस. उजव्या हाताला जरा लागलंय. फेब्रुवारीत पायरीवर बर्फ होता, आणि माझ्या घराला दुसरं माणूस नाही जे घसरू नये म्हणून त्यावर राख टाकेल. फान साहेबांनी तालुक्याला नेऊन प्लास्टर घालून आणलं. आता त्यांना उपकाराचं बळ आलंय, रोज विचारतात.

“बाई, भावाचं झालं का?”

झालं. डाव्या हातानं लिहिलं. ऐक:

‘मियाओ दाओयुआन (१९४९– ). मादू गावच्या तरीवाल्या कुटुंबात जन्म. जलसिंचन महाविद्यालयात शिक्षण. तुंगहे धरणाच्या सर्वेक्षणात सहभाग. त्यानंतर चिंगहाई प्रांतात सेवा. स्वभावाने अबोल, कामात काटेकोर.’

त्या आडव्या रेघेपुढची जागा रिकामी आहे. फान साहेब म्हणतात, साल माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. माझ्या भावाच्या मरणापुढे प्रश्नचिन्ह! शाळेत तुझ्या पेपरावर मी कधी प्रश्नचिन्ह टाकलं नव्हतं.

‘स्वभावाने अबोल’ हे मी खोडलं होतं, मग परत लिहिलं. आता सांगतेच. बाबा गेले तेव्हा मी तार केली होती. तार पोचल्याची पावती आली. मी चार दिवस त्यांना ठेवलं, लोक नावं ठेवायला लागले तरी ठेवलं. पांढरे कपडे घालून घाटावर जाऊन उभी राहायचे, तू पलीकडून येशील म्हणून, आणि पलीकडून यायला होडीही लागत नव्हती, पात्रातून चालत यायचं होतं फक्त. तू आला नाहीस. मग मी आणि कंग काकांनी त्यांना पलीकडच्या तीरावर पुरलं, त्यांच्याच इच्छेप्रमाणे. तरीवाल्यानं पलीकडच्या काठाला निजावं, म्हणजे अलीकडून लोक हाका मारत राहतात, असं ते म्हणायचे. धरणासाठी तुला कधीच माफ केलं मी. त्या चार दिवसांसाठी नाही.

एवढं सगळं दगडाशीच बोलल्यासारखं झालं. असो.

दर वर्षी छिंगमिंगच्या आधी आठ-दहा दिवस मी पलीकडे जाते. त्या दिवशीची फटाक्यांची गर्दी मला नको असते. झाडलोट करते, बाबांच्या पेल्यात दारू ओतते, रंग देते. यंदा नाही जमलं. प्लास्टरात ब्रश धरता येत नाही, आणि वाळूच्या खड्ड्यांतून पात्र ओलांडायचं म्हणजे आता आठवड्याचं काम आहे. रंग फिका होऊन बसला असेल. पहिल्यांदाच.

पत्र तसंच राहू दे खणात. तुला शोधायला आता पत्ताच उरलेला नाही.

छ्यूलान


मादू, १९ एप्रिल

अरे दगडा,

आज गेले. काल प्लास्टर काढलं आणि आज सकाळी गेले, फान साहेबांना न सांगता. कारण उद्या पानं छापखान्यात जायची होती आणि त्याआधी मला बाबांना सांगायचं होतं की मी काय लिहिलंय. छिंगमिंग होऊन दोन आठवडे झालेत, म्हणजे मी उशिरा गेले, आयुष्यात प्रथमच. पिशवीत रंगाचा डबा, ब्रश, रॉकेल, दारू. पात्रातून जाताना दोनदा बसावं लागलं. जिथे बाबा होडीतल्या लोकांना ‘वाकू नका, वाकू नका’ म्हणून ओरडायचे तिथे ट्रकाचे टायर पडलेत.

वर पोचले तर थडगं झाडलेलं. गवत काढलेलं, मुळासकट, चारी कडा दोरी लावून कापल्यासारख्या. आधी वाटलं कंग काकांनी कुणाकडून तरी करवलं. मग दगडाकडे पाहिलं. रंग ताजा होता.

‘मुलगा दाओयुआन’ लाल.

मी तिथेच खाली बसले. या अख्ख्या खोऱ्यात, माझ्याखेरीज, कोण तुझं नाव लाल रंगवणार? ज्याला नक्की ठाऊक आहे तोच. ओघळ एक नाही, रेघेबाहेर ठिपका नाही. नकाशावर नावं लिहावीत तसं अक्षर. मला रडू आलं, ते मी लपवत नाही, तिथे बघायला कुणी नव्हतं.

आणि मग त्याच्या वरची ओळ वाचली.

‘मुलगी छ्यूलान’ काळं.

अरे गाढवा!

काळं कुळकुळीत, दोन हात दिलेले. बाबांच्या पेल्याशेजारी दुसरा पेला. त्याच्यापुढे बशीत तिळाची वडी, कागदात, तालुक्याच्या बाजारात मिळते तीच, मला लहानपणी आवडायची तीच. मुंग्या लागल्या होत्या एका कोपऱ्याला. मेलेल्यांना पोचाव्यात म्हणून जाळलेल्या कागदी नोटांची राख दोन ढिगांत. एक बाबांचा. एक माझा.

मला समजायला थोडा वेळ लागला, मास्तरीण असूनही. पण मग सगळं एका ओळीत आलं. दुसऱ्या कुणाला गेलेल्या माणसाचा रंग लावायचा असेल तर तो आधी विचारेल, गावात उतरेल. तू उतरत नाहीस. तू महामार्गाच्या वळणावर गाडी थांबवून मागच्या उतारानं येतोस, पात्र ओलांडत नाहीस. दर वर्षी येतोस, छिंगमिंगच्या दिवशी. आणि दर वर्षी मी तुझ्याआधी येऊन गेलेली असते. रंग ताजा दिसला की तुला कळायचं, ताई आहे. तुझं नाव लाल दिसलं की कळायचं, ताईनं मला मेलेला धरलेलं नाही. तेवढं वाचून परत जायचास. इतकी वर्षं मी दगडावर तुला पत्र लिहीत होते आणि तू वाचत होतास, आणि मी इकडे शीनिंगला शिक्के खात होते.

यंदा रंग फिका होता. म्हणून तू ठरवलंस, ताई गेली.

विचारायचं तरी होतंस रे! अर्धा तास चाललास तर घर होतं. दार वाजवलं असतंस तर प्लास्टरातल्या हातानं उघडलं असतं. पण नाही. मोजून बघायचं, लिहून टाकायचं, परत जायचं. काटेकोर, अबोल. मी लिहिलेलं एकही वाक्य चुकलं नव्हतं, फक्त जिवंत माणसाला मेलेल्यांच्या बाजूला लिहिलं होतं. तूही तेच केलंस.

मग मी काय केलं सांगू? बसून ती वडी खाल्ली. माझ्या नावानं ठेवलेली होती, दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता. मुंग्या झटकल्या आणि सगळी खाल्ली. दुसऱ्या पेल्यातली दारूही प्यायले. मग रॉकेलनं माझ्या नावावरचा काळा रंग काढायला बसले. निघता निघेना, चांगल्या कंपनीचा वापरला आहेस. अक्षरांच्या खाचेत अजून काळं आहे थोडं. त्यावर लाल दिला. हात कालच प्लास्टरातून सुटलेला, त्यामुळे ओघळलं, तुझ्या नावावर एक थेंब गेलाय. असू दे.

परतताना सरळ कचेरीत गेले, वाळू लागलेल्या बुटांनी.

“फान साहेब, ते अर्धं पान काढा.”

“बाई, पानांचा गठ्ठा बांधून झाला. पुरावा काय?”

“त्यानं माझ्यासाठी तिळाची वडी ठेवली होती.”

“कुठाय?”

“खाल्ली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या लाल-काळ्या बोटांकडे पाहिलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. “आता गावाच्या ग्रंथात दोनच माणसं राहतील,” ते म्हणाले. “आणि तुमचं अर्धं पान कोरं जाईल.”

“जाऊ द्या कोरं. त्या पानावर माणूस अजून जिवंत आहे.”

त्यांनी काढलं. नदीचं वाक्यही मी तिथेच बदललं. आता ते असं आहे: ‘मादू हे तुंगहे नदीच्या पात्राशी वसलेले गाव, नदी वर्षातून एकदा पलीकडच्या तीराने येते व परत जाते.’ फान साहेब म्हणाले, बाई, हा भूगोल नाही. मी म्हटलं, तीस वर्षं मीच शिकवलाय, मला सांगू नका.

राग गेलेला नाही, हे नीट समजून घे. त्या चार दिवसांचा तर नाहीच, आणि आता त्यात या सगळ्या वर्षांचा मिळवलाय. बाबांकडे आलास, माझ्याकडे नाही. पण मेलेल्या माणसावर रागावणं फार दमवतं. जिवंतावर रागावताना निदान बरं वाटतं.

हे पत्र आणि आधीची तीन (पेन्शनरांच्या विभागाला गेलेल्याची मी ठेवलेली नक्कल), प्लास्टिकमध्ये गुंडाळून दारूच्या रिकाम्या बाटलीत घालून उद्या दगडामागे ठेवतेय. तू पुढच्या छिंगमिंगला येशील. आधी दगड बघशील, तुझी सवयच ती, आणि माझं नाव लाल बघून घाबरशील. घाबर थोडा.

पुढच्या वर्षी मी आधी येणार नाही. रंगही आणणार नाही. त्या दिवशीच येईन, सकाळी, फटाक्यांच्या गर्दीत. पात्रातून चालत यायला मला वेळ लागतो, तेव्हा पलीकडे उभा राहून हाक मार, लोक बाबांना मारायचे तशी. दोघांची नावं तू रंगव, मी बघत बसेन.

आणि वडी जास्त आण. एवढीशी ठेवलीस, मेलेल्यांना काय कळतंय म्हणून.

तुझी ताई